शार्कोसाहेबांच्या तासाला

आधी पायांतले ते पांढरे स्पोर्ट शूज काढा. 1867 च्या पॅरिसमध्ये ते चालायचे नाहीत. लोक तुमच्याकडे बघत बसतील, आणि आज बघायचं काम आपलं आहे. हे जाड चामड्याचे बूट घाला, थोडे चावतील. वरून काळा लांब कोट. खिशात वही, पेन्सिल आणि एक मोठा रुमाल. रुमाल विसरू नका.

पोचलात? मग रुमाल लगेच नाकाला लावा.

पावसाळी सकाळ आहे. पाठीमागे ऑर्लेआँ रेल्वेचं स्टेशन, म्हणजे कोळशाचा धूर आणि इंजिनाच्या शिट्ट्या. पायाखाली दगडी फरसबंदी, तिच्यावर घोड्यांची लीद, आणि ती पावसात भिजलेली. लोखंडी धावा बसवलेली चाकं दगडावरून जाताना इतका खडखडाट होतो की शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. पण रुमाल यातल्या कशासाठीच नव्हता. जवळच बिएव्र नावाची एक छोटी नदी सेनकडे जाते. तिच्या काठी कातडी कमावणारे आणि रंगारी पिढ्यान्‌पिढ्या बसलेत. चुन्यात मुरलेली कातडी आणि नासलेली चरबी यांचा वास पावसात जमिनीसरशी पसरतो आणि कोटाच्या अस्तरात जाऊन बसतो. घरी गेल्यावर कोट दोनदा धुवावा लागेल.

समोरचं मोठं दार साल्पेत्रिएरचं. एकेकाळी इथे बंदुकीच्या दारूचं काम चालायचं. आता इथे बायका राहतात, पाच हजारांच्या आसपास. म्हाताऱ्या, असाध्य आजाराच्या, फेपरं येणाऱ्या, वेड लागलेल्या, आणि काही नुसत्याच गरीब. याला हॉस्पिटल म्हणणं म्हणजे पंढरपूरला देऊळ म्हणणं. आत गल्ल्या आहेत, चौक आहेत, झाडांच्या रांगा आहेत, अष्टकोनी घुमटाचं चर्च आहे, स्वयंपाकघरं आहेत, धोबीखाना आहे. पांढऱ्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या भिंतीच्या कडेकडेने चालताना दिसतील. कुणी काठीवर, कुणी दुसरीच्या खांद्यावर. तुमच्याकडे बघून एखादी काहीतरी बोलेल आणि बाकीच्या फिदीफिदी हसतील. फ्रेंच येत नसेल तर बरंच आहे.

आता वॉर्डात चला. दार उघडताच तोंडावर ऊब आदळते. मधोमध लोखंडी शेगडी पेटलीये आणि खिडक्या गच्च बंद आहेत. बाहेरची गार हवा सांध्यांत शिरते, याबद्दल इथल्या बायकांच्या मनात तिळमात्र शंका नाही. तुमची आजी ‘गार फरशीवर बसू नकोस, वात धरेल’ म्हणायची ना? तिला इथे दहा मिनिटांत मैत्रिणी मिळाल्या असत्या. शिळा घाम, कापराचं तेल, ओली लोकर, कोबीचं सूप आणि वेळेवर न उचललेली भांडी, या सगळ्याचा मिळून एकच वास तयार होतो. पाच मिनिटांत तो येईनासा होतो. नाकालाही किती वेळ तक्रार करणार!

तिसऱ्या खाटेवरच्या बाईंजवळ थांबा. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. स्टूल ओढा, बसा, आणि त्यांनी हात पुढे केला की तो दोन्ही हातांत घ्या. दाबू नका. बोटांच्या मुळाशी चारही सांधे फुगलेत. वर कातडी ताणून चकचकीत झालीये. अंगठ्याने हलकेच चाचपलंत तर सूज मऊ लागते, थोडी गरमही. बोटं सरळ पुढे जायची सोडून सगळीच्या सगळी करंगळीच्या बाजूला कललीत. मनगट हलत नाही. अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जुळत नाही. जिचं पोट सुईवर होतं तिला सुई धरता येत नाही.

प्रवास काळातला असल्यामुळे एक सवलत आहे. अर्ध्या मिनिटापुरते हे हात तुम्ही घेऊन बघा. पहाटेचे पाच वाजलेत. जाग आलीये, पण मूठ वळत नाही आणि पूर्ण उघडतही नाही. पांघरूण ढकलायला कोपर वापरावं लागतंय. पाण्याचा पेला दोन्ही तळव्यांमध्ये दाबून ओठांपर्यंत न्यायचा, अर्धा गळ्यावर सांडतो. दुपारपर्यंत थोडं सैल होईल, संध्याकाळी पुन्हा ठणका. बास, द्या परत. त्यांनी ते वीस वर्षं सांभाळलेत.

औषध? हातभर यादी आहे. आयोडीनचा अर्क, सोमल, वेगवेगळे क्षार. गाऊटच्या ठणक्याला कोल्चिकम आहे आणि ते लागूही पडतं, पण या बाईंना गाऊट नाही. ॲस्पिरिनच्या जातीचं औषध, सॅलिसिलेट, पॅरिसमध्ये रुळायला अजून दहाएक वर्षं आहेत. तुमच्या पर्समधली गोळी आतच राहू द्या.

कुजबुज एकदम थांबली, बघा. साहेब आले.

जाँ-मार्टिन शार्को. वय एक्केचाळीस, बुटका, भरलेला बांधा, दाढीमिशी साफ, मागे फिरवलेले काळे केस. नमस्कार-चमत्कार काही नाही. खाटेशी उभा राहतो आणि बघतो. बघतच राहतो. मागे उभी असलेली पोरं चुळबुळतात, कुणाचा तरी बूट करकरतो (तुमचाच), बाई आधी लाजतात, मग कंटाळतात. तो हाताकडे बघतो, मग दुसऱ्या हाताकडे, मग पावलांकडे, मग पुन्हा हाताकडे. शेवटी दोन प्रश्न विचारतो, आणि त्यातला एक घराबद्दलचा. कुठे राहत होतात? तळमजल्यावर? भिंतीला ओल होती? बाई मान डोलावतात. ओलसर, अंधाऱ्या खोल्यांत वर्षानुवर्षं राहण्याने हा आजार धरतो, असं त्याचं मत आहे. आजचे डॉक्टर हे कारण म्हणून मान्य करणार नाहीत. पण पेशंटला तिच्या खोलीबद्दल विचारणारा मोठा डॉक्टर तुम्हाला शेवटचा कधी भेटला होता, ते आठवा.

बाजूच्या शिकाऊ डॉक्टराला हळूच कोपर मारा. त्याला साहेबांबद्दल बोलायला आवडतं.

साहेबांचे वडील घोडागाड्या बनवायचे, इथेच पॅरिसमध्ये. चार मुलगे. सगळ्यांना शिकवण्याइतका पैसा नव्हता. असं सांगतात की बापाने जाहीर करून टाकलं, शाळेत जो चमकेल त्यालाच पुढे शिकवणार, बाकीच्यांनी धंदा बघावा नाहीतर फौजेत जावं. हा चमकला. पण चमकला तरी ठरेना, कारण त्याला चित्रकार व्हायचं होतं. वही दिसली की रेघोट्या, माणूस दिसला की व्यंगचित्र. अखेर डॉक्टरकी निवडली आणि पेन्सिल खिशात ठेवली. परीक्षकांच्या कंटाळवाण्या बैठकांत तो अजूनही सहकाऱ्यांची नाकं काढत बसतो.

शिकाऊ असताना तो याच आवारात होता. बाकीच्या हुशार पोरांना साल्पेत्रिएर म्हणजे शिक्षा वाटायची. इथे कुणी बरं होत नाही, मग शिकणार काय? त्याने या म्हाताऱ्यांचे सांधेच अभ्यासाला घेतले आणि 1853 मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. त्याच्याआधी, 1800 साली, लांद्रे-बोवे नावाच्या तरुणाने याच इमारतीतल्या नऊ बायकांवर प्रबंध लिहून म्हटलं होतं की हा गाऊटचाच एक वेगळा, अशक्तांचा प्रकार दिसतो. गाऊट हा खाऊन-पिऊन सुखी पुरुषांचा आजार. हा मात्र गरीब बायकांना होतो, एकाच वेळी अनेक सांधे धरतो आणि जन्मभर सोडत नाही. तो धागा तिथेच पडून होता. शार्कोने उचलला. पुढे शिकवण्याचा हक्क देणाऱ्या परीक्षेत तो पहिल्या खेपेला नापास झाला. बोलणं हा त्याचा प्रांत नव्हताच. नंतर पास झाला, आणि पाच वर्षांपूर्वी वॉर्डप्रमुख होऊन परत आला तो इथेच, आपणहून. आल्या आल्या त्याने आणि मित्र व्युल्पियाँने वॉर्डामागून वॉर्ड, खाटेमागून खाट तपासून काढली, नोंदी केल्या. कारखान्यात महिन्याअखेर होते तशी मोजदाद, फक्त इथे माल म्हणजे माणसं.

चला, तास सुरू होतोय.

सभागृह वगैरे काही नाही. साधी खोली, बाकडी, फळा. ओल्या कोटांतून वाफ निघतेय. मोजकेच विद्यार्थी आलेत. हा तास कुणाला सक्तीचा नाही, आणि म्हातारपणाचे व जुनाट आजार हा विषय काही तरुणांना खेचणारा नाही. मागच्या बाकावरचा झोपेल, त्याला झोपू द्या.

सुरुवात अगदीच बेताची होते. कागदावरून वाचतो, आवाज सपाट, हातवारे नाहीत. तुम्ही वहीत तारीख लिहून वर फुलं काढायला लागता. एवढ्यात तो खडू उचलतो.

आणि इथे तुमची पाठ सरळ होते. पांढऱ्या खडूने हाताची बाह्यरेषा, एका दमात. निळ्याने हाडं. लाल खडू आडवा धरून सांध्याभोवतीची सूज. दोन मिनिटांपूर्वी तुमच्या हातात होता तोच हात फळ्यावर उभा राहतो, करंगळीकडे कललेला. शेजारी दुसरा हात काढतो. इथे मुळाचे सांधे ठीक आहेत, बोटांच्या शेवटच्या पेरांशी मात्र दोन-दोन कडक गाठी. या गाठी इंग्रज डॉक्टर हेबरडनच्या नावाच्या. मग तिसरा प्रकार, एखाददुसराच मोठा सांधा झिजून बसलेला, खुब्याचा किंवा गुडघ्याचा. तोपर्यंत बहुतेकांनी सगळं एकाच पोत्यात भरलेलं होतं, म्हातारपणचे सांधे दुखतात एवढंच. ते पोतं रंगीत खडूंनी सोडवलं जाताना तुम्ही बघताय. धूळ हवेत उडते, पुढच्या बाकावरचा शिंकतो, साहेब थांबत नाहीत.

मग गाऊट. कानाच्या पाळीवर चुन्यासारखे कण आहेत का बघा, म्हणतो. (तुमचा हात कानाकडे गेला. सगळ्यांचाच जातो.) समोरच्या टेबलावरची ही काचेची बशी मी मुद्दाम तुमच्यासाठी मांडून ठेवली आहे. गॅरॉड या लंडनच्या डॉक्टराची युक्ती. रोग्याच्या रक्तातलं पातळ पिवळसर पाणी बशीत घ्यायचं, त्यात ॲसेटिक ॲसिडचे काही थेंब टाकायचे, तागाच्या धाग्याचा तुकडा बुडवायचा आणि बशी कुठेतरी उबेला दोन दिवस ठेवून द्यायची. वाका, बघा. व्हिनेगरचा वास नाकात जाईल. धाग्यावर खडीसाखर धरावी तसे बारीक स्फटिक धरलेत. हे युरिक ॲसिड. मघाच्या शिवणकामवाल्या बाईंच्या रक्तात धागा कितीही बुडवा, कोराच राहणार. गॅरॉडच्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर याच वर्षी निघालंय आणि त्याला टिपा जोडल्यात त्या शार्कोने. इंग्रजी तो मुळातून वाचतो, जर्मन आणि इटालियनही. आणि शेक्सपिअरची एखादी ओळ इंग्रजीतच फेकून देतो, कुणाला कळो न कळो.

तरी तो सगळं बरोबर सांगतोय असं समजू नका. गाऊट आणि हा जुनाट वात या एकाच मुळाच्या दोन फांद्या असाव्यात, हा जुना समज त्यालाही सोडवत नाही. डोळ्यांनी वेगळं केलेलं तो डोक्यात पुन्हा थोडं जोडून ठेवतो. मला हे आवडतं. चित्रकार पुढे गेलाय आणि प्राध्यापक मागे रेंगाळलाय.

डोळे मिटा. आता जरा लांबची उडी.

1886 चा जानेवारी. आवार तेच, पण लोंढा कुठे चाललाय बघा. नव्या सभागृहात चारशेवर माणसं बसलीयेत आणि दारात रेटारेटी चालू आहे. गॅसच्या दिव्यांची ऊब, अत्तर, सिगारचा धूर, ओल्या छत्र्या. डॉक्टर आहेत, पण लेखक आहेत, पत्रकार आहेत, नटमंडळी आहेत. तुमच्या बरगड्यांत कुणाचं तरी कोपर आहे, आणि समोरच्याची टोपी इतकी उंच की अर्धा रंगमंच दिसत नाही. हो, रंगमंचच.

सपाट आवाजाचा तो माणूस आता सावकाश बोलतो, प्रत्येक शब्दानंतर जागा ठेवून. पेशंटचं चालणं स्वतः चालून दाखवतो. दिवे मालवून मॅजिक लँटर्नने पडद्यावर फोटो टाकतो. मग काही बायका आणल्या जातात, त्यांच्या डोक्यांवर लांब पिसं खोवलेल्या टोप्या. सभागृहात हशा. तो थांबतो, हशा ओसरू देतो आणि पिसांकडे बोट करतो. एकीचं पीस बारीक थरथरतंय, दुसरीचं झोकांडत हलतंय. कंप दोन तऱ्हांचे, आजार दोन. शेवटच्या रांगेलाही दिसलं पाहिजे म्हणून ही पिसं. कंपवाताने वळलेला हात हा जुनाट वाताच्या हातासारखा दिसतो, फसू नका, असंही तो बजावतो. वीस वर्षांपूर्वीचा खडूतला हात अजून त्याच्या डोळ्यांपुढे आहे.

आता खुर्चीवर बसलेल्या या बाईंकडे बघा. गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. साहेब तो वाकवतात, आणि तो जाऊ नये त्या दिशेला जातो. सभागृहभर ‘स्स्’ असा आवाज उठतो, तुमच्या पोटात कालवतं. बाई मात्र शांत. दुखतच नाही. मज्जारज्जूच्या आजारामुळे सांधा असा आतून ढासळू शकतो, हे त्याने 1868 मध्ये मांडलं. 1881 मध्ये लंडनच्या वैद्यक परिषदेत त्याने असे सांधे पुढे ठेवले आणि ते त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मधुमेह्यांच्या पावलांत असा सांधा आजही आढळतो. त्या मज्जारज्जूच्या आजाराचं मूळ गरमी, म्हणजे सिफिलिस, असं त्याचाच सहकारी फूर्निए ओरडून सांगत होता. शार्कोने ते शेवटपर्यंत मानलं नाही.

पत्रकार ज्यासाठी आलेत तो हिस्टेरियाचा खेळ यानंतर आहे. तरुण मुली, संमोहन, किंकाळ्या. आपण तिथे थांबणार नाही. गर्दीला काय हवं ते त्या मुलींना कळलेलं होतं, आणि बघण्यात ज्याचा हात कुणी धरला नसता त्यालाच ते दिसत नव्हतं. मला विचाराल तर मी कधीही त्या झोपाळू, शिंकणाऱ्या खोलीतला खडूचा तास निवडेन.

बाहेर पडा, हवा खा, कॉलर बदला. रात्री सँ-जेर्मां बुलेव्हारवर त्याच्या घरी जायचंय.

घर कसलं, संग्रहालयच. कोरीव लाकूड, रंगीत काचा, भिंतींवर लोंबणारे गालिचे. भाजलेल्या मांसाचा आणि मेणबत्त्यांचा वास. कोपऱ्यात व्हिएन्नाहून आलेला एक तरुण डॉक्टर नव्या पांढऱ्या हातमोज्यांत अवघडून उभा आहे. जीभ सैल व्हावी म्हणून त्याने येण्याआधी थोडं कोकेन घेतलंय. त्या काळी त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्याचं नाव फ्रॉइड. साहेबांची व्याख्यानं जर्मनमध्ये आणायचं काम त्याने मागून घेतलंय.

यजमान मात्र इथे निराळाच माणूस आहे. घरात कुत्री आहेत, आणि एक माकडीणही आहे. तिला जेवणाच्या टेबलावर त्याच्या शेजारी जागा. तिने पाहुण्यांच्या ताटातलं काही उचललं की दिवसभर न हसलेला हा माणूस खो-खो हसतो. शिकारीचा त्याला तिटकारा आहे, बैलांच्या झुंजींचाही, आणि प्रयोगशाळेत जनावरं कापणंही त्याला सोसत नाही. जुन्या चित्रांतले लुळे-पांगळे आणि झपाटलेले लोक शोधून काढण्याचा नाद तर असा, की पॉल रिशे या चित्रकार-डॉक्टर शिष्याबरोबर त्याने त्यावर पुस्तकं लिहायला घेतलीयेत. वॉर्डात खाटेशी उभा राहायचा तेव्हा तो काय करत होता, ते इथे उलगडतं. चित्रासमोरही तो तसाच उभा राहतो, तितकाच वेळ, तितकाच गप्प.

बेथोव्हन वाजायला लागला की गप्प बसा. संगीताच्या संध्याकाळी या घरात वैद्यकावर बोलायला बंदी आहे. सकाळपासून दगडांवरून चालून तुमचा उजवा गुडघा ठणकतोय, हे मला ठाऊक आहे. आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या सांधेतज्ज्ञांपैकी एक तुमच्यापासून चार हातांवर बसलाय. तरी विचारायचं नाही.

त्यापेक्षा त्याच्या मुलाशी बोला. वय अठरा, नाव जाँ-बाप्तिस्त, डोक्यात फक्त समुद्र आणि जहाजं. बापाचं म्हणणं आहे, डॉक्टर हो. घोडागाडीवाल्या आजोबांनी मुलांची वाटणी शाळेच्या निकालावर केली, इथे निकालाचीही वाट बघितली जात नाही. तो मुकाट्याने डॉक्टर होईल. आणि बाप गेल्यावर काही वर्षांनी जहाज बांधून थेट दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात निघेल. हे त्याला अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका, माकडीण आधीच तुमच्या ताटाकडे निघालीये.